प्रपोजलमध्ये शेतकऱ्याच्या वेळेची ओळ कुठंय?

बजेटच्या एक्सेल शीटमध्ये चाळीसेक ओळी होत्या. पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतर प्रकल्पावर नेमलेल्या संशोधकाचा पगार, लॅबच्या तपासण्या, प्रवास, दोन वर्कशॉप, वेबसाईट, पेपर छापायची फी, ऑडिट आणि प्रत्येक संस्थेचा ओव्हरहेड. चार संस्था मिळून शाश्वत शेतीवरचं एक जॉइंट प्रपोजल लिहीत होतो, को-ऑर्डिनेशन माझ्याकडे होतं आणि पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं की या प्रकल्पात शेतकरी बरोबरीचे भागीदार आहेत. मनापासून लिहिलं होतं. ग्रँट मिळाली, काम सुरू झालं आणि पहिल्या वर्षाच्या आढावा मीटिंगला एक शेतकरी काका शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, उठताना मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही सगळे आज पगारावर आलाय. मी काम बुडवून आलोय. मग बरोबरीचं काय ते सांगा."

त्या रात्री मी शीट उघडून वरपासून खालपर्यंत बघितली. त्यांच्या प्रवासाची ओळ होती, बियाण्याची होती, शेतात लावायच्या पाट्यांचीही होती. त्यांच्या वेळेची नव्हती.

आणि हा वेळ म्हणजे किती, हे शेतावर एक हंगाम काढल्याशिवाय कळत नाही. एकाच रानात सहा पट्टे आखायचे, तीन नेहमीच्या मशागतीचे आणि तीन कमी मशागत अधिक आच्छादन पिकाचे. म्हणजे पेरणी यंत्र दोनदा सेट करायचं, मजुरांना दोन वेगवेगळ्या सूचना द्यायच्या, खुरपणी चालू असताना तिथे उभं राहायचं कारण कुणी चुकून पाटीच्या पलीकडे गेलं तर पट्टा बाद. कापणीला सहा पट्ट्यांचा माल सहा ठिकाणी ठेवायचा, वेगळा मळायचा, वेगळा वजन करायचा, आणि हे सगळं नेमकं त्या दिवसांत जेव्हा घरातल्या प्रत्येकाला दहा कामं असतात आणि आभाळ भरून आलेलं असतं. वर आमची नोंदवही. तारीख, पाऊस, किती तास लागले, काय फवारलं. काकांच्या वहीत एकाही दिवसाची नोंद चुकलेली नव्हती, आमच्या लॅबमध्ये मात्र दोन नमुन्यांची लेबलं गळून पडली होती.

आणि धोका? नव्या पद्धतीच्या पट्ट्यात उत्पादन कमी आलं तर संशोधकासाठी तो 'निकाल' असतो, त्यावर पेपरही होतो. ज्याचं रान आहे त्याचा तो तोटा असतो. आमच्या बजेटमध्ये त्याचीही ओळ नव्हती.

जॉइंट फंडिंगबद्दल बोलताना लोक रक्कम किती आणि कुणाला मिळाली एवढंच बोलतात. मला इतक्या वर्षांनंतर वाटतं की खरा प्रश्न वेळेचा आहे. हे पैसे कुणाचा वेळ मोजतात आणि कुणाचा फुकट धरतात? आणि माणसांच्या वेळेबरोबर मातीचाही वेळ असतो, तो तर कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

आधी हंगामाचं सांगते, कारण ते मी भोगलंय. दुसऱ्या एका प्रकल्पात मंजुरी वेळेत आली होती. पण पैसे सुटायला सगळ्या संस्थांचा करार व्हावा लागतो, आणि त्या करारात बौद्धिक संपदेचं एक कलम होतं, की प्रकल्पातून पुढे काही उत्पादन निघालं तर कुणाचा वाटा किती. दोन संस्थांचे कायदा विभाग त्या एका परिच्छेदावर सात आठवडे ईमेल करत राहिले. तोवर पाऊस झाला, वाफसा आला, शेतकऱ्यांचे फोन यायला लागले की पट्टे आखायला कधी येताय, बियाणं कधी देताय, आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. बियाणं घ्यायला पैसे नाहीत, माणूस नेमायला ऑर्डर नाही. सही झाली तेव्हा घात गेलेली होती. शेतकरी काय थांबणार, त्यांनी आपलं नेहमीचं पेरलं, आणि बरोबर केलं. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे हंगाम उरले दोन. कागदावर उशीर सात आठवड्यांचा, रानात एका वर्षाचा. आणि मुदतवाढ मागितली तर विनाखर्च मुदतवाढ मिळाली, म्हणजे काम करा पण पगार नाही, तोवर पोस्टडॉक दुसरीकडे गेली होती, आणि तिला तरी दोष कसा देणार.

म्हणून जिथे जिथे माझं मत विचारतात तिथे मी एकच सांगते, शेतीच्या ग्रँटची सुरुवात आर्थिक वर्षाला बांधू नका, पेरणीला बांधा. करार रखडला तर पहिल्या हंगामापुरती छोटी रक्कम आधी सोडा. ज्या फंडरनी हे केलंय तिथे फरक पडलाय, मी बघितलाय.

आता मातीचं. आमच्या त्या पहिल्या प्रकल्पाचं मुख्य उद्दिष्ट होतं जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत साठणारा कार्बन, वाढवणं, आणि तीन वर्षांनी तो वाढलाय हे दाखवायचं होतं. गणित करून बघा. एक हेक्टर जमीन, वरचा तीस सेंटीमीटरचा थर, घनता एक पूर्णांक तीन धरली तर ती माती होते साधारण ३,९०० टन. त्यात कर्ब एक टक्का असेल तर ३९ टन. समजा नव्या पद्धतीने वर्षाला हेक्टरी ०.३ टन कर्बाची भर पडली, ही काही वाईट गती नाही, तर तीन वर्षांत ०.९ टन. म्हणजे ३९ चे ३९.९. आणि एकाच रानात दहा पावलांवर दोन नमुने घेतले तरी त्यांच्यात याहून मोठा फरक सहज निघतो. म्हणजे वाढ झालेली असली तरी तीन वर्षांत ती आकड्यांत सापडणं फार अवघड. हे प्रपोजल लिहिताना आम्हाला माहीत होतं. फंडरच्या तज्ज्ञांनाही माहीत असणार. तरी सगळ्यांनी 'तीन वर्षांत कर्बवाढ' लिहिलं, कारण ग्रँट तीन वर्षांची होती. याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी कापणीनंतर काकांच्या रानात मी आणि ते दोघंच होतो. त्यांनी फावड्याने दोन्ही पट्ट्यांतून एकेक ढेकूळ काढलं, ऊन दाखवून वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन काचेच्या बरण्यांत पाणी भरून जाळीवर अलगद ठेवलं. नेहमीच्या मशागतीचं ढेकूळ बघता बघता फुटलं, बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं आणि खाली गाळ बसला. आच्छादनाच्या पट्ट्यातलं तसंच राहिलं. पाणी नितळ. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कडेचे थोडे कण सुटले तेवढेच. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा डिंक तयार होत होता, बुरशीच्या तंतूंचा, मुळांच्या स्रावांचा. जमीन बदलायला लागली होती, आणि कर्बाच्या आकड्याच्या कितीतरी आधी ती हेच दाखवते. पण आमच्या अंतिम रिपोर्टमध्ये वाक्य गेलं की सेंद्रिय कर्बात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. प्रकल्प बंद. बरणीसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

लांब पल्ल्याचा पैसा काय करू शकतो याचं सगळ्यात जुनं उदाहरण इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राचं आहे. जॉन लॉज यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ गिल्बर्ट त्यांच्याबरोबर आले, आणि दोघांनी ५७ वर्षं एकत्र काम केलं. पैसा लॉज यांचा स्वतःचा, सुपरफॉस्फेट खताच्या धंद्यातला. पण १८८९ मध्ये त्यांनी एक लाख पौंडांचा ट्रस्ट करून ठेवला, की आपल्यामागेही प्रयोग चालला पाहिजे, आणि ते शेत आजही चालू आहे. तिथे दरवर्षीचे गव्हाचे आणि मातीचे नमुने जपून ठेवलेत, सगळे मिळून तीन लाखांच्या घरात. या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी त्याच जुन्या गव्हाच्या नमुन्यांतून गव्हावरच्या दोन बुरशींचा डीएनए काढला, आणि दिसलं की दीडशे वर्षांत या दोन रोगांचं आपसातलं प्रमाण हवेतल्या सल्फर डायऑक्साईडच्या चढउताराबरोबर बदलत गेलंय. ज्या माणसाने १८४४ मध्ये तो गहू भरून ठेवला त्याला डीएनए म्हणजे काय हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने फक्त नीट लेबल लावून ठेवलं. आजच्या कुठल्या ग्रँटच्या फॉर्ममध्ये तुम्ही हे 'अपेक्षित फलित' म्हणून लिहू शकाल सांगा.

अर्थात एका श्रीमंत माणसाच्या मनावर सगळं सोडता येत नाही, म्हणून तर एकत्रित फंडिंग लागतं. आणि ते नीट जमलं की काय होतं तेही बघण्यासारखं आहे. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर, म्हणजे ज्याच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो त्या पिकावर, पिठ्या ढेकूण आला. मुळात दक्षिण अमेरिकेतला कीटक, इकडे त्याला शत्रू नाही, सुसाट पसरला. नायजेरियातल्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत हान्स हेरेन यांनी काम हातात घेतलं. त्या किडीचं मूळ ठिकाण शोधायला दक्षिण अमेरिकेतल्या संस्थेचे लोक, तिथून आणलेले मित्रकीटक तपासायला इंग्लंडमधला क्वारंटाईन, वाढवून सोडायला नायजेरिया. शेवटी पॅराग्वेत ढेकणाच्या अंगात अंडी घालणारी एक बारीक परोपजीवी गांधीलमाशी सापडली आणि १९८१ पासून ती सोडायला सुरुवात झाली. शेतकऱ्याला विकत काही घ्यायचं नाही, फवारायचं नाही, माशी आपली आपण पसरत गेली. हेरेन यांना १९९५ चा वर्ल्ड फूड प्राईझ मिळाला. यातून विकायला काही निघत नव्हतं, म्हणून कुठल्या कंपनीने यात पैसा घातला नसता. असल्या कामाला सार्वजनिक आणि अनेकांनी मिळून दिलेलाच पैसा लागतो.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पुश-पुलची गोष्ट. नैरोबीची इसिपे ही कीटकांवर काम करणारी संस्था, रॉथमस्टेड आणि केनियाची राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था, आणि पैसा ब्रिटनच्या गॅट्सबी फाउंडेशनचा. मक्यातला खोडकिडा आटोक्यात आणायचा होता. कल्पना अशी की मक्याच्या ओळींत असं काही लावायचं ज्याचा वास पतंगाला नकोसा होईल, आणि कडेने असं गवत लावायचं ज्याकडे तो ओढला जाईल. झेयाउर खान आणि जॉन पिकेट यांच्या गटाने शेकडो गवतं आणि वनस्पती तपासल्या. मधल्या ओळींसाठी डेस्मोडियम हे वेलासारखं पसरणारं शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक निवडलं, कडेला हत्ती गवत. खोडकिडा कमी झाला, आणि ज्याची कुणी योजनाच केलेली नव्हती ते पुढे आलं, डेस्मोडियम असलेल्या मक्यात टारफुला येईना! टारफुला म्हणजे मुळांना चिकटून पिकाचा रस पिणारं परजीवी तण, जांभळ्या फुलांचं, एकदा रानात शिरलं की बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं आणि शेतकरी रान सोडून द्यायच्या गोष्टी करायला लागतो. डेस्मोडियमच्या मुळांतून अशी द्रव्यं सुटतात की टारफुल्याचं बी उगवतं पण त्याला मक्याच्या मुळाला चिकटताच येत नाही, आणि ते तिथेच मरतं. खोडकिड्यासाठी मागितलेल्या पैशातून टारफुल्याचं उत्तर मिळालं, शिवाय जनावरांना चारा, शिवाय जमिनीला नत्र. हे होऊ शकलं कारण देणाऱ्याने वर्षानुवर्षं साथ दिली आणि संशोधकांना वाट बदलू दिली. 'तुमच्या मंजूर उद्दिष्टात टारफुला नाही' असं म्हणून कुणी फाईल परत पाठवली असती तर? मला अशी पत्रं आलेली आहेत, म्हणून विचारते.

भागीदारीचा दुसरा अर्थ सीरियातल्या बार्लीच्या कामात दिसतो. कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेचे साल्वातोरे चेक्कारेली यांनी १९९० च्या दशकात वाणांची निवड शेतकऱ्यांच्या रानात आणि शेतकऱ्यांच्या हाताने करायला घेतली. कारण साधं होतं, संशोधन केंद्राच्या खत-पाणी दिलेल्या जमिनीत जे वाण पहिलं येतं ते कोरड्या, हलक्या रानात पहिलं येईलच असं नाही. शेतकऱ्यांनी निवडलेली वाणं त्यांच्या रानात ब्रीडरच्या निवडीइतकीच, काही वेळा जास्त चांगली निघाली. म्हणजे इथे शेतकऱ्याची नजर हेच संशोधनाचं साधन होतं. लॅबमधल्या मशीनच्या देखभालीला बजेट असतं, तर या नजरेला का नको?

असं नाही की कुणाला सुचलेलंच नाही. अमेरिकेत सेअर नावाचा कार्यक्रम १९८८ पासून शाश्वत शेतीच्या संशोधनाला पैसे देतो, आणि त्यात शेतकऱ्याने स्वतः अर्ज करायचा, स्वतःचा प्रश्न घेऊन, अशी वेगळी छोटी ग्रँट आहे, तिच्यात स्वतःच्या कामाच्या तासांचे पैसे मागता येतात. युरोपियन युनियनने २०१२ मध्ये शेतीसाठी इनोव्हेशन पार्टनरशिप सुरू केली, तिच्यातले ऑपरेशनल ग्रुप म्हणजे शेतकरी, सल्लागार, संशोधक, छोटे उद्योग यांनी एका ठराविक अडचणीवर एकत्र येऊन केलेला गट. २०३० पर्यंत जमिनीच्या आरोग्यासाठी शंभर लिव्हिंग लॅब, म्हणजे शेतकरी आणि संशोधक प्रत्यक्ष रानात मिळून प्रयोग करतात अशा जागा, आणि आदर्श शेतं उभी करायचं त्यांचं मिशन आहे. दिशा मला पटते. कागदपत्रांचा भार मात्र अजून फार आहे आणि अनेक ठिकाणी आधी खर्च करा मग परतावा घ्या अशी पद्धत आहे, ज्यात मोठी संस्था तरते आणि चार माणसांची छोटी संस्था पगार थकवून बसते.

ऑस्ट्रेलियाची पद्धत मला विशेष आवडते. तिथे शेतकरी आपल्या मालावर लेव्ही, म्हणजे एक ठराविक पट्टी देतात, ती त्या त्या पिकाच्या संशोधन महामंडळाकडे जाते, आणि सरकार त्यात तेवढीच भर घालतं, त्या उद्योगाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या ०.५ टक्क्यापर्यंत. १९८९ च्या कायद्याने हे बसवलं, आज अशी १५ महामंडळं आहेत. पैसा शेतकऱ्याचाही असल्यामुळे प्रश्न कुठला घ्यायचा यात त्याला बोलायचा हक्क येतो. कमतरता अशी की एका पिकाच्या लेव्हीतून त्या पिकाचेच प्रश्न जास्त निघतात, आणि माती, पाणी, परागीभवन करणारे कीटक हे सगळ्यांचे म्हणून कुणाचेच नाहीत असं होऊ शकतं.

आणि मोठ्या पातळीवर सीजीआयएआर, १९७१ मध्ये स्थापन झालेलं, भात, गहू, कडधान्यं, पशुधन अशा संशोधन केंद्रांना देणगीदार देशांनी आणि फाउंडेशननी एकत्र पैसे द्यायचं जाळं. तिथे पैसे द्यायला वेगवेगळ्या 'विंडो' आहेत. पहिलीत टाकलेला पैसा सगळ्यांच्या सामाईक पिशवीत जातो, तिसरीत टाकलेला देणगीदार सांगेल त्या केंद्राला आणि कामाला. देणगीदारांचा ओढा तिसरीकडे जास्त, ते मला समजतं, आपण दिलेल्या पैशाचं काय झालं हे दाखवायचं असतं. पण जीन बँकेतलं, म्हणजे पिकांची वाणं जपून ठेवणाऱ्या साठ्यातलं, बी दर काही वर्षांनी पेरून ताजं करणं, जुने प्रयोग चालू ठेवणं, ही कामं कुणाच्याच नावावर दिसत नाहीत, आणि पैसा आटला की पहिला फटका त्यांनाच. जीन बँकांसाठी २००४ मध्ये क्रॉप ट्रस्टने कायम निधीचा मार्ग काढला, मुद्दल ठेवायचं आणि परताव्यावर बी सांभाळायचं. लांब पल्ल्याच्या माती प्रयोगांसाठी असा निधी का नसावा, हा प्रश्न मी प्रत्येक मीटिंगमध्ये विचारते आणि विचारत राहणार.

सध्या नवीन प्रपोजलचं काम चालू आहे. यावेळी पहिली ओळ मी आधी टाकली, मग बाकीच्या. शेतकरी संशोधक, दिवस, दर. दर कुठला धरायचा यावर पार्टनर संस्थांत बराच वाद झाला, शेवटी फील्ड असिस्टंटचा दर ठरला, मला तो कमी वाटतो आणि मी तसं लिहून दिलंय. दुसरी ओळ पट्ट्यात उत्पादन घटलं तर भरपाईची. तिसरी ओळ नोंदवहीतल्या माहितीच्या मालकीची, म्हणजे ती शेतकऱ्याची राहील आणि आम्ही वापरायला मागून घेऊ, यावर कायदा विभागाचं उत्तर अजून यायचंय. कर्बाऐवजी पहिल्या तीन वर्षांसाठी आम्ही पाण्यात ढेकूळ किती टिकतं, पाणी किती वेगाने मुरतं आणि गांडुळं किती, हे मोजणार आहोत, आणि कर्बाचे नमुने आज घेऊन बंद करून ठेवणार, दहाव्या वर्षी परत घ्यायला. दहाव्या वर्षीचे पैसे कुणाकडे मागायचे ते ठरलेलं नाही.

काकांना मी प्रपोजलचा मसुदा वाचून दाखवला, फोनवर, दीड तास. मध्येच म्हणाले, "गांडुळं सकाळी मोजा म्हणावं, दुपारी खाली जातात." ते मी पद्धतीच्या भागात घातलं. त्यांच्या रानात आच्छादनाचे तीन पट्टे अजून आहेत, प्रकल्प बंद होऊन बराच काळ झाला तरी. पाट्या गेल्यात. खुणेला बांधावरच्या दगडांना चुना लावलाय आणि वही चालू आहे.